पिवळा एप्रन

स्टॉकहोमहून आलेल्या त्या चित्रकाराला मी आजही शिव्या घालते. त्यातल्या निम्म्या माझ्या वाट्याच्या आहेत, हे आधीच सांगून टाकते.

गवतकापणीच्या दिवसांत तो आमच्या लेक्सांडला आला. खेड्यातल्यांचे पोशाख कागदावर उतरवायचे आणि शहरातल्या बायांनी ते कॉफी पिता पिता चाळायचे, हा त्याचा धंदा. माझी थोरली बहीण बार्ब्रो सणाचा लाल एप्रन बांधून अंगणात बसली. त्याला लाल नको होता, लाल त्याचा गावभर काढून झाला होता. त्यानं आमची पेटी उपसली आणि पिवळा एप्रन वर काढला.

"हा! कसा उन्हासारखा आहे!"

"साहेब, तो घरातलं माणूस गेल्यावर बांधतात," ताई म्हणाली.

"कागदावर कोण मरतंय, बाई?"

ताई उठायला लागली. तिचा नवरा यॉन्स वसंतातच राजधानीत मजुरीला गेला होता. तेव्हा मीच बोलले, "ताई, बांध की गं घटकाभर! तुझं झालं की माझा नंबर आहे." मला चित्रात यायचं होतं. बास, एवढंच.

तिनं बांधला.

चेहरा होत आला तोच शेजारची म्हातारी मालीन दुधाची बादली घेऊन फाटकातून आत आली. तिनं एप्रन पाहिला, बादली खाली ठेवली आणि ताईचा हात धरला.

"कधी गं पोरी? यॉन्स ना?"

"नाही हो मालीनकाकू! चित्रासाठी बांधलाय."

"चित्रासाठी!" म्हातारी थुंकली. "उद्या शवपेटीत झोप हो, चित्रासाठी."

"हलू नका!" साहेब ओरडला.

शरदात गावचे मजूर परतले. यॉन्स त्यांच्यात नव्हता.

"तो गवतकापणीलाच घरी निघाला की," ते म्हणाले. "पोचला नाही?"

रस्ता, जंगल, तळं, सगळं धुंडाळलं. त्याची टोपीसुद्धा सापडली नाही. वर्षभरानं पाद्री म्हणाला, आता पिवळा बांध. "एकदा बांधला तेवढा पुरे झाला," ताई म्हणाली. ती दर रविवारी लालच बांधून चर्चला जायची, उपासाच्या दिवसांत सगळ्या बाया काळा बांधतात त्या रविवारीसुद्धा. बाया बाकावर तिच्यापासून सरकून बसायच्या.

मग ते चित्र छापून पाद्र्याकडे आलं. खाली लिहिलं होतं, 'सणाच्या पोशाखातली शेतकरीण'. सण म्हणे! चित्रात ताई फाटकाकडे बघतेय. फाटक मात्र त्यानं काढलेलंच नाही, नुसता कोरा कागद.

ताईनं ते मागून आणलं आणि माझ्यापुढे टाकलं.

"तू बांधायला लावलास. आता तूच लाल कर."

मी जंगलातली लाल आंबट फळं चेचली, रस एप्रनवर फासला आणि चित्र दारासमोरच्या भिंतीवर टांगलं. त्या दिवशी ताई पोटभर जेवली. वसंतात बघते, तर रस विटलेला आणि खालचा पिवळा वर आलेला. पुन्हा फासला. पुन्हा वर आला. एकतीस वर्षं हेच.

गेल्या महिन्यात ताई गेली. तिच्या सुतकाचा म्हणून मी पेटीतला तोच पिवळा एप्रन बांधलाय. तो अंगावर असतानाच आज फळं चेचायला बसलेय. यॉन्स आलाच, तर दारातून त्याला आधी ती भिंत दिसणार, माझा पिवळा नंतर.