चार छत्र्या

सुट्टीत भाड्यानं दिल्या जाणाऱ्या घरांना परवाना आहे की नाही, हे तपासायचं काम थोरलीकडे होतं. सकाळी येऊन जाहिराती उघडायच्या, प्रत्येक घर नोंदवहीत शोधायचं. सापडलं तर खूण, नाही तर नोटीस. लोकांच्या क्लृप्त्या तिला पाठ झाल्या होत्या. कुणी शेजाऱ्याचाच परवाना क्रमांक छापायचा. कुणी पाच खाटांच्या घरात अकरा माणसं झोपवायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "सगळे मावसभाऊ आहेत हो!" इतक्या वर्षांत तिनं हजारो घरं पाहिली होती, समुद्र दिसणारी, गच्चीवर बाग असलेली. एकाचाही हेवा वाटला नव्हता.

मग एका सोमवारी पडद्यावर आईचं घर आलं.

फोटो धाकटीनं काढलेत हे लगेच कळलं. तिचा अंगठा कोपऱ्यात यायचाच. खिडकीजवळची आईची खुर्ची. आईचा पलंग, त्यावर हॉटेलात असते तशी ताणून घातलेली चादर. खाली सोयींची यादी: गरम पाणी, इस्त्री, छत्र्या चार. त्याखाली पाहुण्यांचे अभिप्राय. 'घरमालकीण इतकी प्रेमळ, जणू सख्खी बहीणच.'

"सख्खी बहीण म्हणे," थोरली पडद्याला म्हणाली.

आई गेल्यापासून दोघींचं बोलणं नव्हतं. आईनं घर धाकटीच्या नावे केलं, त्यावर थोरलीनं "लखलाभ" एवढंच म्हटलं होतं. घर नकोच होतं तिला. धाकटीनं नोकरी सोडून आईजवळ काढलेली शेवटची तीन वर्षं हवी होती, आणि ती काही कुठल्या कागदानं वाटून मिळत नव्हती.

पण खरा काटा रुतला तो पुढेच. तीन निरनिराळ्या पाहुण्यांनी लिहिलं होतं की ताईंनी सांगितलेली त्यांच्या आईच्या छत्र्यांची गोष्ट ऐकून आम्ही पोट धरून हसलो. कुठली गोष्ट? थोरलीला तशी गोष्ट ठाऊक नव्हती. तिच्या आईवर कुणी परकी माणसं हसून गेली होती, आणि तिला ते हसूसुद्धा मिळालं नव्हतं.

तिनं नोंदवहीत धाकटीचं नाव घातलं. परवाना नाही. आयतं कोलीत हातात आलं. नोटीस छापून निघाली तेव्हा कागद अजून गरम होता. पण नोटीस पाठवण्याआधी पत्त्यावरूनही शोधायचं, असा नियम होता, आणि नियम तिच्या हाडात भिनलेला. पत्ता घातला आणि आईचं नाव आलं.

परवाना आईनं स्वतः काढला होता, दोन वर्षांपूर्वी. अर्जाखाली तिची सही होती, शेवटचं अक्षर ओळीबाहेर घसरलेलं. शिक्का तळमजल्यावरच्या खिडकीचा. म्हणजे आई याच इमारतीत आली होती, थोरलीच्या टेबलापासून दोन मजले खाली, आणि वर न येताच निघून गेली होती.

शेजारच्या टेबलावरचे काका डोकावले. "आडनाव तुझ्या माहेरचं दिसतंय."

"आई."

"मग हे माझ्याकडे टाक. नात्यातलं प्रकरण आपण हाताळत नाही."

"शुक्रवारनंतर टाकते."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. परवानाधारक वारला की सहा महिन्यांत वारसानं परवाना आपल्या नावावर करून घ्यायचा, नाही तर तो आपोआप रद्द. त्या भागात नवे परवाने कधीच बंद झाले होते. आणि आईला जाऊन शुक्रवारी सहा महिने होत होते.

"आणि तुझ्या बहिणीला हे माहीत नसेल तर?"

"नसेल."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," काका म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

मंगळवार गेला. बुधवार गेला. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि तेच जमेना. गुरुवारी दुपारी ती आईच्या दारात उभी राहिली. आत जाऊन त्या परक्या चादरी एकदा डोळ्यांनी पाहायच्या, एवढंच, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

धाकटीच्या दोन्ही खांद्यांवर ओले टॉवेल होते. "तपासणीला आलीस की घरी?"

"तुझ्या परवान्याची मुदत उद्या संपतेय."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

"माहितीये." धाकटीनं खणातून फॉर्म काढला. सगळा भरलेला, तारीख दोन महिन्यांपूर्वीची. फक्त 'इतर अपत्यांची संमती' यापुढची जागा कोरी.

"दोन महिने पडून आहे? फोन करता येत नव्हता?"

"लखलाभ म्हणालीस ना? मग सही कुठल्या तोंडानं मागू?"

"घर बंद पडलं असतं तुझं!"

"पडलं असतं. तू तरी सोमवारपासून जाहिरात बघतेयस, केलास फोन?" थोरली चमकली. "तुझ्या कचेरीतल्या काकांचा फोन आला होता काल. म्हणाले, तुम्ही दोघी एकाच मातीच्या."

थोरलीनं पेन काढलं, पण टोपण उघडलं नाही. दारामागे चार छत्र्या टांगल्या होत्या. "आधी ती गोष्ट सांग."

धाकटी ओळखून हसली आणि सुरू झाली. आई एकदा कुठल्याशा कचेरीत गेली, दारातल्या छत्र्यांतून चुकून दुसऱ्याचीच उचलून आली. ती परत करायला गेली, तर तीही तशीच परत आणली आणि वर आणखी एक. धाकटीचे हात हलत होते, आवाज चढत-उतरत होता. कुठे थांबलं की माणसं हसतात, हे तिला नेमकं ठाऊक होतं.

"पाहुण्यांना सांगतेस तशी नको," थोरली म्हणाली. "मला सांग."

धाकटीचे हात खाली आले. टॉवेलातलं पाणी फरशीवर टपकत होतं.

"तुझी कचेरी होती, ताई. परवान्याचं काम झालं, म्हणाली, आता थोरलीला वर जाऊन भेटते. छत्री घ्यायला गेली तर आपली कुठली तेच ओळखेना. रडायला लागली. म्हणाली, तिला मी अशी नको दिसायला, चल घरी." धाकटीनं टॉवेल खाली ठेवले. "मग छत्री परत करायच्या निमित्तानं पुन्हा आलो. वर जायचंच म्हणून. प्रत्येक वेळी तेच."

थोरलीनं दाराकडे पाहिलं. एक काळी, दोन निळ्या, एक चौकटीची.

"चार वेळा?"

"चार वेळा."

तिनं फॉर्म जवळ ओढला आणि सही केली. तारीख घातली, सवयीनं दोनदा तपासली. मग म्हणाली, "उद्या दहाला खिडकी उघडते. काका खाली येऊन फॉर्म घेतील. आणि काम झालं की वर ये."