भिंतीत अडकलेला बॉम्ब

मित्रांनो, मी एक जुना बॉम्ब आहे. भिऊ नका, माझ्यात आता फुटण्यासारखं काही उरलेलं नाही. खरं सांगायचं तर जन्मापासून भीत आलो तो मीच.

१९८५ साली मिशिगनमध्ये, ट्रॉयजवळच्या एका कारखान्यात तापवलेल्या पोलादातून मला घडवलं. साधे बॉम्ब जमिनीला लागताच फुटतात. मी मात्र आधी बंकरचं जाड काँक्रीट भेदून आत शिरायचं आणि मगच फुटायचं, असं ठरलं होतं. आत माणसं त्या काँक्रीटच्या भरवशावर बसलेली असतात, हे मी कामगारांच्या बोलण्यात ऐकलं आणि माझ्या मनात धास्ती बसली.

केव्हा फुटायचं ते ठरवणारा फ्यूज माझ्या शेपटीत होता. त्याचं सर्किट विनीताने बनवलं होतं. ती मूळची नागपूरची. इथे येऊन शिकली, इंजिनिअर झाली. माझ्यापाशी काम करताना ती फारसं बोलत नसे. तिचा वरिष्ठ मोहन मात्र माझ्या पाठीवर थाप मारून पाहुण्यांना सांगायचा, की असं पोलाद दुसरीकडे बघायला मिळणार नाही. ते ऐकून मी सुखावायचो, हे कबूल करतो.

पुढच्या वर्षी मला चाचणीसाठी नेवाडाच्या वाळवंटात नेलं. पोटात स्फोटकाऐवजी वाळू आणि सिमेंट भरलं होतं. फ्यूज तेवढा खरा होता, आणि त्यातलं थोडंसं स्फोटकही जवळच्या माणसाचा जीव घ्यायला पुरेसं होतं. रुळांवरून रॉकेटने मला एका काँक्रीटच्या भिंतीकडे ढकललं. भिंत समोर आली तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, पण पोलादाला कुठला आवाज? मी भिंतीत घुसलो आणि अडकलो. फ्यूज फुटलाच नाही.

दूर जीपपाशी काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं.

"अर्धा तास झाला," मोहन म्हणाला. "फ्यूज डेड आहे. टेस्ट बघायला आलेले गेस्ट लंचनंतर निघतील. जवळ जाऊन बघू या यार."

"डेड आहे हे कशावरून?" विनीताने विचारलं. "त्यात अजून चार्ज असू शकतो. केव्हा फुटेल ते मला सांगता येत नाही."

"सर्किट तुझंच आहे ना?"

"म्हणून तर सांगते."

तिने जीपची किल्ली काढून खिशात टाकली. मोहन संतापला. "मग तुझ्या सर्किटचा भरवसा नाही असं लिहून दे. सगळा प्रोग्रॅम कॅन्सल होईल, चालेल?"

"देते," ती म्हणाली. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिने लिहिलं.

इकडे माझ्या शेपटीत मुंग्या चालल्यासारखी वीज सरकत होती. कुणाची पावलं ऐकू येऊ नयेत, एवढंच मी मनात म्हणत होतो.

एक तास अकरा मिनिटांनी फ्यूज फुटला. माझ्या शेपटीचं जाड झाकण सुटून मागे साठ पावलांवर वाळूत रुतलं. मोहन म्हणाला, "किल्ली आज तुझ्याकडेच राहू दे."

पुढे विनीताने ते सर्किट सुधारलं. माझे भाऊ सगळ्या चाचण्यांत पास झाले. मला कारखान्यासमोरच्या हिरवळीवर मांडलं. पहिल्या वर्षी लोक फोटो काढायचे. मग बर्फ पडलं, वितळलं, रंग उडाला, आणि माझ्याकडे कुणी बघेनासं झालं.

यंदा, १९८९च्या उन्हाळ्यात, विनीता आपल्या सात वर्षांच्या शरयूला घेऊन आली. शरयूने माझ्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"आई, डिड यू मेक इट?"

"शेपटीचा भाग."

"डिड इट हर्ट एनीबडी?"

"याने कुणाला काही केलं नाही."

"अँड द अदर्स?"

विनीताने तिचा हात धरला. "अजून नाही," ती म्हणाली, आणि दोघी गाडीकडे गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे तेलपाणी मागतात, आमची निगा राखा म्हणतात. मला काही नको. माझे भाऊ कुठेतरी कोरड्या कोठारात ओळीने पडून आहेत. त्यांचे फ्यूज आता चुकत नाहीत. तुमच्यातलं कुणी मोठं होऊन त्या कोठाराच्या दाराशी पोचलं, तर दार उघडू नका. त्यांना तिथेच गंजू द्या.