याहून मोठे चढउतार

धाकटीच्या प्रयोगशाळेतली थंड खोली बाराही महिने चार अंशांवर असते. भर उन्हाळ्यात ती तिथे स्वेटर घालून चिखल कापते. तळ्याच्या तळातून नळीने उपसलेला चिखल. त्याच्या थरांवरून हिमयुगात गारठा किती होता आणि तो कधी ओसरला, हे ती सांगते. त्या दुपारी दादा बुटांच्या डांबरासकट थेट आत शिरला आणि त्याने एक पत्रक तिच्या नळीवरच ठेवलं.

“हे तूच लिहिलंस ना?”

पत्रक नगरपालिकेचं होतं. वर ठळक अक्षरांत: ‘पृथ्वीने याहून मोठे चढउतार पाहिले आहेत.’ खाली धाकटीचं नाव, पदवीसकट. मग तिचा आलेख. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत: दुपारी बारा ते चार रस्त्यांची कामं थांबवण्याची मागणी नामंजूर.

वाक्य तिचंच होतं. शाळेतल्या भाषणात, मुलं उगाच घाबरू नयेत म्हणून बोललेलं.

“सोमवारपासून आमची टोळी बाराला काम थांबवणार होती,” दादा म्हणाला. “मीच म्हटलं, थांबा, माझ्या बहिणीने लिहिलंय, ती खोटं बोलत नाही. माझ्या शब्दावर सगळे उन्हात उभे राहिले. आज रोलरवाला ऊन लागून पडला. दवाखान्यात आहे. बायकोलाही ओळखत नाही.”

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने स्वेटरही काढला नाही. नगरपालिकेचा जिना चढेपर्यंत ती घामाने निथळत होती, आणि साहेबांच्या खोलीत मात्र पडदे ओढलेले, हवा कशी छान गार. गार हवेत बसून उन्हाचे हुकूम काढायला काय जातं कोणाचं.

“बाई, आम्ही स्वल्पविरामही बदललेला नाही,” साहेब म्हणाले.

“त्या आलेखातले पाच अंश हिमयुगानंतर चढायला दहा हजार वर्षं लागली, साहेब. तुमच्या रस्त्यावर डांबर सकाळी तीस असतं आणि दुपारी साठ. रोलरवाल्याला सहा तास मिळाले.”

“आमचं तापमानाचं यंत्र तर एकोणचाळीस दाखवतं.”

“यंत्र तुमच्या बागेत आहे. कारंज्याशेजारी.”

साहेबांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. “वाक्य चुकीचं आहे असं लिहून द्या. पत्रक आत्ता मागे घेतो, उद्यापासून बारा ते चार सुट्टीही देतो. शास्त्रज्ञांचं आम्ही ऐकतोच.”

तिने लिहायला घेतलं, ‘सदर वाक्य दीर्घ कालखंडाच्या संदर्भात बरोबर असून’.

“असून-बिसून नको,” साहेब म्हणाले. “चूक की बरोबर, एवढंच. रोलरवाल्याची फाईल उघडलीये. चूक कोणाची, ते त्यात लागतं.”

म्हणजे तो माणूस पडल्याचा दोष आता तिच्या माथी मारायचा होता. तिला हे लख्ख कळलं, आणि त्या गुळगुळीत टेबलावर डोकं आपटावं, स्वतःचं किंवा त्यांचं, इतका संताप आला. वीस वर्षांत तिने एक दशांशही खोटा लिहिला नव्हता. पण उद्या बारा वाजणारच होते. तिने लिहिलं, ‘हे वाक्य चुकीचं आहे. मी चुकीची माहिती दिली.’ खाली सही केली. साहेबांनी सुट्टीचा हुकूम काढला आणि दोन्हीच्या प्रती तिच्या हातात दिल्या.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला ती रस्त्यावर पोचली. डांबर वाफाळत होतं. दादाने आधी हुकूम वाचला, मग तिचं पत्र. मग पुन्हा पत्र.

“म्हणजे मी यांना खोटं सांगितलं,” तो हळूच म्हणाला.

“नाही दादा, ते वाक्य खरंच आहे. काम थांबावं म्हणून मी नुसतं…”

“कागदावर काय आहे?”

तिने कागदावरच्या आपल्या सहीकडे पाहिलं.

“मला विचारायचं तरी होतंस. पार तोंडघशी पाडलंस.”

पण तो वळला आणि टोळीसमोर त्याने दोन्ही कागद मोठ्याने वाचले. बहिणीच्या सहीसकट, एक अक्षर न गाळता. मग डांबराच्या टाकीखालचा जाळ त्याने स्वतः बंद केला.

माणसं फावडी टाकून पुलाखालच्या सावलीत गेली. टोळीतल्या बायकांनी पाण्याचे कॅन ओढून नेले. तिकडे कोणी दादाशी बोललं नाही. रोलरवाल्याचा भाऊ त्याच्या समोरून उठून पलीकडच्या खांबाशी गेला, त्याच्यामागून आणखी दोघे गेले. बघता बघता दादाच्या आजूबाजूची जागा मोकळी झाली. तो मान खाली घालून बसून राहिला.

धाकटीला ते बघवेना. ती जाऊन त्याच्या शेजारी बसली.

दादा उठला आणि उन्हात जाऊन उभा राहिला.