वेगळी कढई

"आणि कढई?" नाना म्हणाले. "कढई वेगळी आहे का, ते विचार."

सुनेने विचारलं. वेटरने लगेच मान डोलावली. ते मान डोलावणंच नानांना खटकलं. लेखापरीक्षक म्हणून त्यांची उभी हयात दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत गेली होती, आणि विचारताक्षणी 'हो' म्हणणारा माणूस काहीतरी लपवतो असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी तेलाचं विचारलं. सुरीचं विचारलं. शेवटी स्वतःच उठून स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकावले आणि विजयी मुद्रेने परत आले.

"उठा. चिमटा एकच आहे. मटणाला, भाजीला, सगळ्याला तोच."

मुलगा उठला, सून उठली. माईंनी ओठांशी नेलेला ग्लास तसाच थांबला.

"अहो, पाणी तरी पिऊ द्या."

"खोलीवर पी की. इथून काय लांब आहे?"

निघण्याआधी नानांनी घरात जाहीर केलं होतं, की या सहलीत माईंना स्वयंपाकघराचं तोंड बघावं लागणार नाही. शब्द त्यांनी पाळला होता. खोलीत स्वयंपाकघर नव्हतंच. आरशापुढचं टेबल होतं आणि त्यावर विजेची शेगडी, जी नानांनीच अडीअडचणीला म्हणून बॅगेत घातली होती. अडचण रोज दोन्ही वेळा येत होती. त्यामुळे आरशात बघत भात शिजवणारी बाई, असं माईंचं आजवरचं परदेशदर्शन होतं.

समुद्र खिडकीतून दिसत असे. त्यात पाय बुडवायचे, एवढंच माईंच्या मनात होतं. येताना विमानात, नाना डुलकी काढत असताना, त्यांनी ते सुनेला सांगितलं होतं. उद्या सकाळी परतायचं होतं आणि त्यांच्या पायांना अजून गालिच्याशिवाय काही लागलं नव्हतं.

"आई, आज मी करते," खोलीवर आल्यावर सून म्हणाली. "तुम्ही खाली जाऊन या."

"जेवून सगळेच जाऊ," पलंगावर आडवे होत नाना म्हणाले. "घाई कसली आहे? समुद्र काय पळून जातोय?"

जेवल्यावर नानांचा डोळा लागतो आणि उठल्यावर त्यांना चहा लागतो, हे त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. मुलगा मोबाइलमध्ये शिरला. माईंनी डाळ शिजवली, उतरवली. मग टेबल दोन्ही हातांनी धरून भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत ओढलं आणि त्यावर कढई तापत ठेवली.

"खिडकीपाशी घ्या ना, धूर होईल," सून म्हणाली.

"तिथे वारा लागतो."

तेल चांगलं धुरावलं, तेव्हा माईंनी मोहरी घातली, मिरच्या घातल्या. सुनेने वर पाहिलं. छताला, बरोबर कढईच्या डोक्यावर, एक गोल पांढरी डबी होती. तिने सासूकडे पाहिलं. सासू मोहरीकडे पाहत होती.

आगीची घंटा झाली ती साऱ्या इमारतीत. माणसं टॉवेल गुंडाळून, फेस भरल्या तोंडाने जिना उतरली. माईंनी शेगडी बंद केली, कढईवर झाकण घातलं, केस सारखे केले आणि अनवाणीच खाली गेल्या.

पोहण्याच्या तलावापाशी हॉटेलच्या मॅनेजरबाईंनी नम्रपणे सांगितलं, की शेगडी आता त्यांच्याकडेच राहील.

"मग काय उपाशी मारता का आम्हाला?" नाना कडाडले. सुनेने ते निम्म्या आवाजात भाषांतर करून पोचवलं.

मॅनेजरबाई मनाने चांगल्या निघाल्या. दुपारी त्यांचं स्वयंपाकघर रिकामंच असे. एक कोपरा देऊ म्हणाल्या. भांडी नवी, कढई कोरी, चिमटासुद्धा वेष्टनातला. माईंना हवा तेवढा वेळ तिथे रांधता येईल.

नानांची छाती फुगली. "बघितलंस? आपलं म्हणणं ठामपणे मांडावं लागतं. चल, भांडी बघून घे."

सगळे माईंकडे बघू लागले.

"बरं झालं," माई म्हणाल्या. "आता तुम्हाला कसली अडचण नाही."

"मला?"

"वेगळी कढई आहे, वेगळा चिमटा आहे. आणि तुमच्या हातांइतके सोवळे हात कुठे मिळणार? आजवर कशालाच लागलेले नाहीत."

मुलाला ठसका लागला. नानांनी मदतीसाठी त्याच्याकडे बघितलं, तर तो तलावाकाठची पोहण्याच्या नियमांची पाटी वाचण्यात गढून गेला होता.

मॅनेजरबाईंनी सुनेला विचारलं, काय ठरलं? सुनेने क्षणभर विचार केला.

"स्वयंपाक साहेब करणार आहेत," तिने सांगितलं.

मॅनेजरबाईंच्या चेहऱ्यावर आदर उमटला. त्यांनी स्वतः आतून ॲप्रन आणला आणि नानांच्या मापाला लावून पाहिला.

दोघी किनाऱ्यावर पोचल्या तेव्हा वाळू तापलेली होती. माई थांबल्या नाहीत. घोटे बुडाले, मग पोटऱ्या. सुनेच्या हातात फोन वाजला. तिने ऐकून घेतलं आणि फोनवर हात धरला.

"बाबा विचारतायत, भात शिजला हे कसं कळतं?"

माईंनी येणारी लाट बघितली, ती गुडघ्यांवर घेतली, परत जाऊ दिली.

"कळेल म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि आणखी दोन पावलं आत गेल्या.