तिसऱ्या पानावरची चिमणी

कुठल्याही खोलीत भिंगरीला घेऊन शिरले की माझी पहिली नजर छताकडे जाते. मावशीच्या कारखान्याचं छत तर जुन्या प्लास्टरच्या नक्षीचं. वेली, पानं आणि मधूनमधून पोपडे.

"अगं, माझ्या जन्माआधीपासून ते तिथंच आहे," मावशी म्हणते. "तुझ्या लेकीच्या डोक्यावर पडायला मुहूर्त शोधत नाहीये."

तरी भिंगरीची चटई मी दाराच्या चौकटीखालीच घालते.

मावशी जुने कागद दुरुस्त करते. दोन वर्षं मी तिच्या हाताखाली आहे. धूळ पुसते, खळ शिजवते, फाटलेलं सांधते. धुलाई मात्र तिनं मला कधी दिली नव्हती. कागद धुतात हे ऐकूनच लोकांना धडकी भरते. पण चिंध्यांपासून केलेला जुना कागद पाण्याला भीत नाही आणि छपाईची तेलकट शाई पाण्यात हलत नाही. निघतो तो फक्त पिवळेपणा.

त्या दिवशी मावशी टिपकागद आणायला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "ते खांबाचं चित्र आज तू धू. नीट झालं तर पुढची सगळी धुलाई तुझी. नाही झालं तर बस खळ ढवळत."

ते चित्र म्हणजे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं एचिंग. तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं रेघा कोरून, त्यात शाई भरून कागदावर दाबलेलं. प्राचीन रोममधल्या एका देवळाचा खांब, त्याच्या माथ्यावर कुरळी दगडी पानं आणि तिसऱ्या पानावर नखाएवढी चिमणी. साचेवाले काका ते द्यायला आले होते. छतांवरच्या प्लास्टरच्या नक्षीचे साचे करणं हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांचे वडील पान कसं वळवायचं हे याच चित्रावरून शिकले होते.

"चिमणीला जपा हं," काका जाताना म्हणाले होते. "बाबांनी प्रत्येक छतावर ती बसवली. आमच्या घराण्याची खूण आहे ती. ताईला सत्तर पूर्ण होतायत, तिला भेट द्यायचंय."

पाण्यात घालण्याआधी प्रत्येक शाई ओल्या कापसानं तपासायची, हा मावशीचा पहिला नियम. मी घराबाहेर पडताना गॅस तीनदा बघणारी बाई. रेघा तपासल्या, चौकट तपासली, खालचं नाव तपासलं. अकरा जागा झाल्या. चिमणीला मात्र कापूस लावायचा धीर होईना. जपा म्हणाले होते ना! तेवढी जागा सोडून मी कागद अलगद ट्रेमधल्या पाण्यात सोडला.

"आई," चटईवरून उठून आलेली भिंगरी म्हणाली, "चिमणी चालली."

"कुठं नाही चालली. तू मागं हो, पाणी सांडेल."

"चालली! शेपूट गेलं!"

मी वाकून बघितलं. चिमणीतून काळा धागा निघून पाण्यात वळवळत होता. ओला कागद खसकन उचलला तर फाटतो. खालच्या जाळीसकट तो हळूहळू वर घेईपर्यंत पंख गेले, चोच गेली. भिंगरी मात्र टाळ्या पिटत होती. "उडाली! उडाली!"

मावशी आली, तिनं भिंग लावलं. "शाळेतली शाई. छापलेली नव्हतीच ती."

"मी तेवढंच तपासलं नाही, मावशी."

"दिसतंय." भिंग खाली ठेवून ती म्हणाली, "चार वाजता ते येतील. तूच सांगायचंस."

चार वाजता काका आले, बरोबर त्यांची बहीण. मी पाठ केलेली चार वाक्यं विसरले आणि म्हणाले, "काका, चिमणी धुतली गेली. चूक माझी आहे."

काका कागदाकडे बघतच राहिले. चिमणीच्या जागी आता पानाचं टोक होतं, रेघ न् रेघ साफ, लाटेसारखं वळलेलं. "पन्नास वर्षं मी हे काम करतोय," ते कसेबसे म्हणाले. "आता आमची खूण..."

त्यांची बहीण मात्र तोंडावर पदर दाबून गदागदा हलत होती. मला वाटलं, रडतायत. पदर खाली आला तर त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"सुटले बाई एकदाची! अरे, ती मी काढली होती!"

"काय?"

"सात वर्षांची होते. बाबा चित्र घेऊन आले आणि जेवायला बसले. माझ्या हातात टाक होता. त्या पानावर कोणीतरी बसायला हवं, असं मला वाटलं. जेवून आले नि म्हणतात कसे, 'बघा, काय कलाकार आहे! पानावर चिमणी बसवलीय!' इतके खूश झाले, इतके खूश, की कबूल करायची सोयच उरली नाही."

"म्हणजे आजवर मी तुझी चिमणी पाडत आलो साच्यातून?"

"आणि मला एक पैसुद्धा दिला नाहीस!"

काकांना आधी राग आला, मग ठसका लागला, मग तेही खुर्चीवर बसून हसायला लागले. "आता साचा बदलायचा की काय?"

"बदलून तर बघ!"

भिंगरीनं त्यांचा पदर ओढला. "आजी, पण चिमणी गेली कुठं?"

त्यांनी वर बघितलं, डोळे बारीक केले आणि बोट दाखवलं. "ती बघ. बाबांच्याच हातचं छत दिसतंय."

चौघांच्या माना वर झाल्या. वेलीच्या तिसऱ्या पानावर, पोपड्याशेजारी, ती बसली होती. मावशीनं जन्मभर तिच्याखाली काम केलं होतं. आणि मी दोन वर्षं रोज त्या छतावर फक्त भेगा शोधत होते.

"उद्या त्या कमानीचं चित्र धुवायला घे," मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली. "कापूस सगळीकडे फिरव. मुंगी बसलेली दिसली तरी."

भिंगरीची चटई मी दारातून उचलली आणि खोलीच्या मधोमध, चिमणीखाली घातली.

म्हणजे, जवळजवळ मधोमध. पोपडा सोडून.