टाकीत कोण पडलं

थोरलीनं चष्मा काढून डोळे चोळले आणि टाइप केलेला परिच्छेद तिसऱ्यांदा पुसून टाकला. घराण्याच्या आठवणींचं पुस्तक काढायची टूम सगळ्यांची, खपायचं मात्र तिनं एकटीनं. चार महिने भावंडं आपापल्या आठवणी पाठवत होती, एकमेकांच्या आठवणींवर रुसत होती आणि माझं पान आधी घे म्हणून सांगत होती. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कुणाचं काय जातं? संध्याकाळपर्यंत मजकूर छापखान्यात द्यायचा होता आणि तिची मान आखडली होती.

तीस वर्षं तिनं कोर्टात साक्षी टाइप केल्या. साक्षीदार बोलेल ते उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही. तिथं कधी शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. आज सख्ख्या बहिणीच्या दीड पानावर गाडी अडली होती.

धाकटीनं लिहिलं होतं, लहानपणी ती शेजारच्या बांधकामावरच्या पाण्याच्या टाकीत पडली आणि बाबांनी बुटांसकट उडी मारून तिला बाहेर काढलं.

टाकीत पडली होती थोरली. नाकातोंडात गेलेलं पाणी तिला अजून आठवत होतं. धाकटी काठावर उभी राहून रडत होती. पण ही गोष्ट ती इतकी वर्षं आपली म्हणून सांगत आली होती, की तिच्या सासरी, मुलाबाळांत तीच खरी झाली होती. थोरलीनं कधी हटकलं नाही. बोललेलं विरून जातं. छापलेलं राहतं, आणि म्हणूनच आज तिला राग आला होता.

तेवढ्यात धाकटीचाच फोन आला.

"झालं का गं माझं पान?"

"त्याच्यावरच बसलेय. त्या टाकीबद्दल जरा बोलायचं होतं."

"त्यातलं काही कापू नकोस, ताई," धाकटी म्हणाली. "तुला बाबा क्लासला सोडायला यायचे. तुझ्या निकालाला त्यांनी रजा काढली होती. माझ्या वेळेपर्यंत ते दमले होते गं. माझ्याकडे त्यांची एवढी एकच गोष्ट आहे."

थोरलीनं मान चोळली. हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे तिला आणखीच थकल्यासारखं झालं.

"एक मात्र मला काही केल्या आठवत नाही," धाकटी म्हणाली. "बाहेर काढल्यावर बाबा काय म्हणाले? तू तर काठावर होतीस."

बाबा दोघींना नावानं हाक मारत नसत. एक थोरली, एक धाकटी, झालं. त्यांच्या ओल्या शर्टाला चिकटून, त्यांची छाती धडधडत असताना ऐकलेले ते शब्द तिला पाठ होते. 'थोरले, मला सोडून जाऊ नकोस.' हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

तिनं फोन मान वाकडी करून खांद्याशी धरला आणि टाइप करू लागली.

"काय करतेयस?"

"लिहून घेतेय. ते म्हणाले, 'धाकटे, मला सोडून जाऊ नकोस.'"

"असं म्हणाले? नक्की?"

"मी काठावरच होते ना," थोरली म्हणाली.