पुलाखालची जागा

सोहनींच्या घरात एक रीत होती. पूल बांधून झाला, की वाळूने भरलेला पहिला ट्रक त्यावरून जाताना बांधणाऱ्याने बायकापोरांसकट पुलाखाली उभं राहायचं. नरहरच्या वडिलांनी ती साताऱ्याकडे सुरू केली आणि सरकारी नोकरीबरोबर नरहरने गावोगाव नेली. लखनौच्या त्याच्या बैठकीत पाच पुलांचे पाच फोटो होते. पहिल्यात वासंती नवी नवरी, घाबरून नवऱ्याच्या शर्टाची बाही धरलेली. तिसऱ्यात तिच्या कडेवर अनघा, भोकाड पसरलेली. पाहुणा आला की चहाच्या आधी फोटो. "दुसऱ्याच्या जिवावर पूल बांधणारे पुष्कळ असतात," नरहर सांगायचा, "आम्ही आपल्या जिवावर बांधतो." हे ऐकून ऐकून वासंतीचे कान किटले होते, पण खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमानही होता.

सहावा पूल आलमबागेच्या पलीकडे, नाल्यावरचा. जुना पाडून नवा बांधायचा. आठ महिने म्हणाले आणि सोळा लावले. रस्ता खणून ठेवला, आणि वळणरस्ता दिला तो असा अरुंद, की ई-रिक्षा, टेम्पो आणि शाळेच्या गाड्या त्यात दिवसभर एकमेकांच्या अंगावर. धुळीपायी वासंतीने गॅलरीत कपडे वाळत घालणं सोडलं. पण गॅलरीवाल्यांचं काय जातं? खरी दैना झाली भाजीवाल्यांची. जुन्या पुलाखाली कोरड्या जागेत ते वर्षानुवर्षं सावलीला बसत. त्यांना उठवून वळणरस्त्याच्या कडेला भर उन्हात बसवलं, आणि मे महिन्यात तिथेच एका टेम्पोने त्यांच्यातल्या कांचनच्या नवऱ्याचा पाय चेचला. तेव्हापासून कांचन एकटीच बसे.

वासंती सहा वर्षं तिच्याकडूनच भाजी घेत होती. लखनौत आल्यावर तिच्या मोडक्या हिंदीला न हसलेली पहिली बाई ती. कांचनचं रोजचं एकच पालुपद असे, "दीदी, साहब से पूछिए न, हमारी जगह वापस मिलेगी?" त्या जागेवर गाड्या लावायचा ठेका मिळवायला दोघं-तिघं टपून बसले होते, आणि ती गेली तर कांचनने लंगड्या नवऱ्याला घेऊन जायचं कुठे? वासंती रोज शब्द द्यायची. मिलेगी, मैं हूँ ना. घरी येऊन ती नरहरच्या मागे तोच धोशा लावायची.

जानेवारीत थंडीची लाट आली आणि त्याच धुक्यात स्लॅब उरकला, कारण उद्घाटनाची तारीख वरून ठरून आली होती. थंडीत काँक्रीट लवकर धरत नाही. सत्तावीस वर्षं इंजिनिअरचा संसार केलेल्या बाईला एवढं कळतं. पुलावर ओतलेल्या काँक्रीटचे ठोकळे करतात आणि महिन्याभराने यंत्रात दाबून फोडतात, त्यावरून पुलाची ताकद समजते, हेही तिला ठाऊक होतं. फेब्रुवारीत एका सकाळी नरहर अंघोळीआधी फोनवर बोलत होता, दार अर्धवट उघडं. ठोकळे फार कमी दाबाला फुटले होते.

"दूसरे बना के भेज दो," तो म्हणाला. "सीमेंट ज़्यादा रखना उसमें। काग़ज़ ठीक रहना चाहिए।"

मग त्याने अंघोळ केली, देवाला फूल वाहिलं आणि पोह्यांवर खोबरं कमी पडलं म्हणून कुरकुर केली.

वासंतीने हे बोलावं कुणाकडे? अनघाचं लग्न ठरलेलं, नवऱ्याच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं; हात सगळ्या बाजूंनी दगडाखाली. तिने एकाच गोष्टीवर भरवसा ठेवला, रीतीवर. कच्च्या पुलाखाली हा माणूस आपल्याला उभं करणार नाही. उभं केलं, तर पूल पक्का. आपण ऐकलं त्यात काही तरी कमीजास्त असेल. असं ती महिनाभर मनाला समजावत राहिली.

चाचणीच्या दिवशी तिने जांभळी इरकल नेसली. नरहर बुटाची नाडी बांधत होता.

"तू कुठे निघालीस?"

"पुलाखाली."

"यंदा नको. धूळ फार आहे, तुझे गुडघे दुखतात."

"माझे गुडघे कधी दुखले हो?"

तो नाडी सोडून परत बांधू लागला. "दुखतात. म्हटलं ना."

तुम्ही तरी उभे राहणार का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, मोठे साहेब येणार आहेत, मला वरच थांबावं लागेल. सत्तावीस वर्षांत हा माणूस तिच्याशी पहिल्यांदाच इतकं खरं बोलत होता.

"आणि कांचन?" ती म्हणाली.

"सोमवारपासून बसू दे सगळ्यांना खाली. सही करून टाकली मी, तुझाच हट्ट होता ना?" दारापर्यंत जाऊन तो थांबला. "आणि तू आता तिकडे जात जाऊ नकोस. भाजी दुसरीकडून आण."

ट्रक गेला. पूल जागच्या जागी राहिला, नरहरच्या गळ्यात हार पडले. सहाव्या फोटोसाठी ठोकून ठेवलेल्या खिळ्यावर त्याने कॅलेंडर लावलं.

सोमवारी वासंती गेलीच. सांगून टाकायचं, असं वाटेत तिने चार वेळा घोकलं. कांचनने आपली जागा धुऊन काढली होती, उदबत्ती लावली होती, आणि नवरा पाय लांब करून टोपल्यांना टेकून बसला होता. वरून बस गेली. पुलाखाली बारीक माती झरली, कांचनने ती टोमॅटोंवरून पदराने पुसली.

"आइए दीदी, छाँव में आइए। आपने ज़बान रखी।" मग आवाज उतरवून ती म्हणाली, "ये लोग डरते हैं, ऊपर से मिट्टी गिरती है। हमने कह दिया, दीदी के घर का बना पुल है। बैठें न बेफ़िक्र?"

वासंती उन्हातच उभी होती, सावली जिथे सुरू होत होती तिथून एक पाऊल अलीकडे. खरं सांगितलं तर नवरा तुरुंगात. नाही सांगितलं तर काही होईलच असं थोडंच आहे? झालंच तर दहा वर्षांनी होईल. तेव्हा आपण कुठे, ही कुठे.

"हाँ," ती म्हणाली. "बैठो."

तिने अर्धा किलो मटार मागितला आणि पिशवी हात लांब करून पुढे धरली. तो हात पुरेना, आणि वासंती पाऊल पुढे टाकेना. शेवटी कांचनच उठून उन्हात आली आणि मटार पिशवीत ओतता ओतता काळजीने तिने विचारलं, "घुटना दुखता है क्या, दीदी?"

"हाँ," वासंती म्हणाली, "बहुत दुखता है."